ड्रायव्हर सीट हलतेय आणि किरकिरतेय, शोध कुठून सुरू करू?

वळणवाट
नमस्कार मंडळी. गाडी आठ वर्षांची, हॅचबॅक. सीट हाताने पुढे-मागे करायची, उंचीसाठी बाजूला लिव्हर. सीटच्या पाठीत बाजूची एअरबॅग आहे.

त्रास दोन आहेत. पहिला, ब्रेक दाबला की सीट किंचित पुढे सरकते आणि 'खट' असा आवाज येतो. पुन्हा वेग घेतला की मागे, परत 'खट'. दुसरा, खडबडीत रस्त्यावर बसायच्या भागाखालून, हँडब्रेकच्या बाजूने, सतत बारीक कुईं-कुईं. सपाट रस्त्यावर हा दुसरा आवाज जवळजवळ नसतो.

दोन्हींचं मूळ एकच असेल का? घरी काय तपासता येईल आणि कशाला हात लावू नये? भेटेल तो म्हणतो स्प्रे मार. पण नेमकं काय हलतंय ते कळल्याशिवाय मला काही मारायचं नाहीये.

लोखंडी
खाली चार बोल्ट असतात. घट्ट करा. विषय संपला.

तेलपाणी
बोल्ट बघाच, पण आधी सीट ज्यावर सरकते त्या रेलमध्ये डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारून सीट चार-पाच वेळा पुढे-मागे करा. माझ्या जुन्या गाडीत आवाज तिथल्या तिथे बंद झाला होता.

खटका
वळणवाट, तुम्ही लक्षणं वेगवेगळी लिहिलीत ते फार बरं केलंत. 'खट' आणि 'कुईं' यांची घरं बहुतेक वेळा निराळी असतात.

'खट' म्हणजे दोन भागांमध्ये मोकळी जागा आहे आणि दिशा बदलली की एक भाग दुसऱ्यावर आपटतोय. मेकॅनिक याला प्ले म्हणतात. 'कुईं' म्हणजे दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांवर घासताहेत. ते क्षणभर चिकटतात, ताण वाढला की सुटतात, पुन्हा चिकटतात. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की कानाला सलग आवाज येतो. ग्रीसने दुसरा त्रास जाईल. पहिला जाणार नाही, उलट ग्रीसमुळे आपटण्याचा आवाज दबेल आणि सीट सैल आहे हेच तुम्ही विसराल.

म्हणून आधी सैलपणा शोधा. गाडी उभी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. सीटवर बसा, पाय फळीला टेकवून कंबरेने मागे-पुढे जोर द्या आणि दुसऱ्या कुणाला तरी टॉर्च घेऊन खाली बघायला सांगा. बघायच्या जागा चार:

१. रेल आणि गाडीचा पत्रा यांच्यात हालचाल दिसली, तर बोल्ट किंवा खालचा पत्रा.
२. खालची रेल स्थिर आणि वरची तिच्यात हलतेय, तर रेलचं लॉक नाहीतर आतले गोळे किंवा प्लास्टिकचे गाइड झिजलेत.
३. दोन्ही रेल स्थिर आणि बसायचा सांगाडा हलतोय, तर उंची बदलणारी यंत्रणा.
४. बसायचा भाग स्थिर आणि फक्त पाठ हलतेय, तर रिक्लायनर, म्हणजे पाठ कलती करणारा सांधा.

वरच्या आणि खालच्या रेलवर मिळून खडूची एक सरळ रेघ मारा. जोर दिल्यावर रेघ तुटलेली दिसली की क्रमांक दोन. डोळ्याला न दिसणारी हालचालही रेघेवर लगेच कळते.

सावली
आणि रेलमध्ये नाणी, पेनाची टोपणं, मुलांची खेळणी आहेत का तेही बघा! आमच्या गाडीत सीट शेवटच्या खाचेत बसतच नव्हती. खाली वाकून बघितलं तर एक छोटी खेळण्यातली गाडी. म्हणजे गाडीला गाडीच आडवी आली होती :)

खटका
@सावली, हसण्यावारी नेऊ नका, हे खरंच महत्त्वाचं आहे. अडकलेल्या वस्तूमुळे लॉक अर्धवट बसतं. दोन्ही रेलना लॉक असेल तर कधी एका बाजूचं बसतं आणि दुसऱ्या बाजूचं राहतं. मग सीट नुसती सरकत नाही, पिळवटल्यासारखी एकीकडून हलते. आधी व्हॅक्यूमने रेल साफ करा, सीट एक खाच पुढे-मागे करून 'टक्' ऐकू येईपर्यंत बसवा, मग पुढची तपासणी.

निवृत्त_फिटर
चार बोल्ट घट्ट करा हे बरोबर आहे, पण लोखंडीभाऊंनी एका ओळीत उरकलं म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. आयुष्य याच कामात गेलं.

हे बोल्ट साधे नसतात. बऱ्याच गाड्यांत डोक्यावर १०.९ असा आकडा कोरलेला दिसेल, म्हणजे उच्च ताकदीचं पोलाद. हरवला म्हणून डब्यातला दुसरा बोल्ट लावू नये. काहींच्या आट्यांवर कारखान्यातूनच लॉकिंगचा लेप असतो आणि एकदा काढला की उत्पादक नवाच बोल्ट लावायला सांगतो. डोकं १४ किंवा १७ मिमीचं षटकोनी असतं, किंवा टॉर्क्स, म्हणजे ताऱ्यासारख्या खाचेचं, बहुधा टी-५०. टॉर्क्सला नेमकाच बिट घ्या, जवळपासचा ॲलन की ठोकून बसवाल तर डोकं गोल होईल.

किती घट्ट? अनेक छोट्या गाड्यांत ४० ते ५० न्यूटन मीटरच्या आसपास आकडा असतो, पण तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या. अंदाज यावा म्हणून सांगतो, २५ सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १८ किलोचा जोर दिला की ४५ न्यूटन मीटरच्या जवळ जातो. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना, मिळाला तर उत्तम. लांब पाइप लावून अंगाचा भार टाकू नका. खाली पत्र्याला वेल्ड केलेला नट असतो, त्याचे आटे गेले किंवा तो वेल्डमधून सुटून फिरायला लागला तर काम बॉडीशॉपचं होऊन बसतं.

बोल्ट नुसते तपासायचे असतील तर सीट बाहेर काढायची गरज नाही. सीट पूर्ण मागे करा, पुढचे दोन दिसतील. पूर्ण पुढे करा, मागचे दोन. प्लास्टिकची झाकणं असतील ती हलक्या हाताने काढा.

एक बोल्ट खरोखर सैल निघाला तर नुसता आवळून सोडू नका. तो का सैल झाला ते बघा. पूर्वी कुणी सीट काढली होती का? खालच्या पत्र्याला गंज आहे का? कार्पेटची घडी रेलखाली दबली आहे का? ती दबलेली असेल तर आज घट्ट बसलेला बोल्ट कार्पेट चेपल्यावर पुन्हा सैल होणार.

लोखंडी
फिटरकाका, मान्य. कार्पेटचा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आला नसता.

मापदंड
सीट हलण्याला आपण 'थोडंसंच तर हलतं' म्हणून हलकं घेतो, ते घेऊ नये यासाठी एक आकडा. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत सीटच्या मजबुतीसाठी नियम क्रमांक १७ आहे. चाचणीत २० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २० पट, इतका धक्का ३० मिलिसेकंद देतात, पुढच्या आणि मागच्या दोन्ही दिशांनी, आणि सीटचं लॉक सुटता कामा नये. नुसत्या सीटचं वजन २० किलो धरलं तरी हा ओढा ४०० किलो वजनाइतका होतो. त्यात अनेक गाड्यांमध्ये सीटबेल्टचं बक्कल सीटच्या सांगाड्यालाच जोडलेलं असतं. म्हणजे अपघातात बेल्टने अडवलेल्या माणसाच्या भाराचा मोठा हिस्साही याच रेल आणि याच बोल्टवर येतो.

त्यामुळे खटका यांच्या यादीतला १ किंवा २ निघाला तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रेक दाबताना सीट अचानक एक खाच मागे गेली तर पाय पेडलवरून सुटेल. त्यासाठी अपघातच व्हायला हवा असं नाही.

तेलपाणी
माझ्या उपायावर कुणी काहीच बोललं नाही :) डब्ल्यूडी-४० मध्ये वाईट काय आहे?

आडवाट
@तेलपाणी, वाईट काही नाही, पण ते काम त्याचं नाही. १९५३ साली ते ओलावा हटवायला आणि गंज रोखायला बनवलं गेलं, ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्यासाठी ते वापरलं जायचं. त्यात द्रावक जास्त, तेल कमी. गंजलेला बोल्ट सोडवायला छान. पण रेलमध्ये मारलं की आतलं जुनं ग्रीस विरघळून वाहून जातं, द्रावक उडून जातं आणि मागे राहतो तो पातळसा थर. आवाज त्या दिवशी जातो आणि काही आठवड्यांनी जास्त जोरात परत येतो.

रेल धातूवर धातू असेल तर जुनं काळं ग्रीस कापडाने पुसून पांढरं लिथियम ग्रीस अगदी पातळ लावा. प्लास्टिक किंवा रबर घासत असेल तर सिलिकॉन स्प्रे. जिथे धूळ फार असते तिथे टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे बरा, कारण ओलं ग्रीस धूळ धरून ठेवतं आणि मग तीच धूळ घासायला लागते. स्प्रे थेट मारण्यापेक्षा कापडावर घेऊन पुसा. सीटबेल्टच्या पट्ट्यावर आणि पेडलवर थेंबही जाता कामा नये.

तेलपाणी
हे पटलं. माझी ती गाडी मी लवकरच विकली, त्यामुळे आवाज परत आला का ते कळायला मार्गच नव्हता.

चौथा_गिअर
रेलमध्ये प्ले असेल तर पत्र्याची पातळ पट्टी कापून फटीत ठोकायची. आमच्या ट्रकवाल्यांमध्ये हेच करतात, वर्षानुवर्षं चालतं.

निवृत्त_फिटर
नका करू. पट्टी ठोकली की रेलची ओठं फाकतात, आणि वरची रेल खालच्या रेलमधून उपसून निघू नये म्हणून तीच ओठं असतात. शिवाय लॉकचे दात खाचेत पूर्ण उतरत नाहीत. वर बसून बघाल तर सीट एकदम घट्ट वाटेल, म्हणूनच हा उपाय घातक आहे. रेलला वेल्डिंग करण्याबद्दलही तेच. कडक पोलाद तापवलं की त्याची ताकद बदलते, आणि रेलजवळ वायरिंग असतं ते वेगळंच. झिजलेली रेल बदलायची, दुसरा मार्ग नाही.

चौथा_गिअर
काका, लॉकच्या दातांचा विचार मी केला नव्हता. पण जुन्या गाडीला रेल मिळत नाही तेव्हा माणसाने काय करावं?

निवृत्त_फिटर
त्याच मॉडेलच्या भंगारात निघालेल्या गाडीची सीट रेलसकट घ्यावी. मात्र ती गाडी अपघातात एअरबॅग उघडलेली नसावी. पुराच्या पाण्यात बुडालेलीही नको. दोन्ही रेल समांतर आहेत आणि लॉक दोन्हीकडे एकाच वेळी बसतं हे हातात घेऊन बघावं.

मधुरा_क
माझी शंका एअरबॅगबद्दल. वळणवाट यांच्या सीटमध्ये ती आहे म्हणतात. मग सीटखाली हात घालणं तरी सुरक्षित आहे का?

मापदंड
@मधुरा_क, अगदी योग्य ठिकाणी थांबवलंत. बघायला हरकत नाही. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर किंवा पिवळ्या नळीतल्या वायरी दिसतील, त्या एअरबॅगच्या आणि बेल्ट आवळणाऱ्या प्रिटेन्शनरच्या. त्या ओढायच्या नाहीत, मल्टीमीटर लावून तपासायच्या नाहीत.

सीट काढायचीच असेल तर इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि मॅन्युअलमध्ये दिलेली वेळ थांबायचं. काही मिनिटं असते ती, कारण एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो आणि बॅटरी काढल्यावरही त्यात थोडा वेळ वीज साठून राहते. कनेक्टर सुटा असताना चुकूनही इग्निशन चालू करायचं नाही. केलंत तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि बऱ्याच गाड्यांत तो स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. दिवा लागलेला असताना एअरबॅग उघडेलच याचा भरवसा राहत नाही.

माझं मत, एअरबॅगवाली सीट घरी काढू नये. तपासणी घरी, काढणं वर्कशॉपमध्ये.

आडवाट
अवांतर: एअरबॅगचा विषय निघालाच आहे तर सीटकव्हरबद्दल. बाजूची एअरबॅग पाठीच्या बाहेरच्या कडेची शिवण फाडून बाहेर येते. त्यावर जाड कव्हर घट्ट शिवून चढवलं तर तिला वाट राहत नाही. कव्हर घ्यायचंच तर तिथे मुद्दाम कमजोर शिवण ठेवलेलं घ्या. आणि रेक्झिनचं कव्हर प्लास्टिकवर घासून जो आवाज करतं, तो कित्येकदा सीटचा आवाज म्हणून खपतो.

कंबरडं
अवांतरात माझंही. सीट हलत असेल तर शरीर नकळत स्वतःला सावरत राहतं. मी रोज लांबचा प्रवास करतो. कंबर दुखायला लागली तेव्हा उशा बदलल्या, व्यायाम केला. शेवटी कळलं की सीट डावीकडे किंचित कलते. फोम एका बाजूने बसला होता आणि त्याखालच्या स्प्रिंगच्या जाळीचा एक हुक सुटला होता. हुक बसवल्यावर सीटही सरळ झाली आणि एक जुनी टिंगटिंगही गेली. ज्यांना फक्त आवाजाचा त्रास आहे त्यांनी ती जाळी बघाच. तार सांगाड्याला अडकते तिथली प्लास्टिकची टोपी गळून पडते आणि तार थेट लोखंडावर घासते.

खटका
कंबरडं, हा मुद्दा महत्त्वाचा. त्या जागी कापडी टेपचे दोन वेढे पुरतात. वायरिंगला गुंडाळतात ती टेप घ्या, साधी इलेक्ट्रिकची चिकट टेप उन्हात वितळून सरकते.

वळणवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. तपासणी केली. टॉर्च धरायला बहीण होती.

रेलमध्ये अडकलेलं काही नव्हतं. चारही बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंच लावून बघितले, एकही सरकला नाही. पत्र्याला गंज नाही. खडूची रेघ दोन्ही रेलवर अखंड राहिली. म्हणजे १ आणि २ बाद.

पण बसायचा सांगाडा रेलच्या वर हलताना स्पष्ट दिसतोय, दाराच्या बाजूला जास्त. पाठीतही अगदी किंचित हालचाल आहे.

खटका
क्रमांक तीन! आता एक प्रयोग करा. लिव्हरने सीट सगळ्यात खाली आणा आणि कंबरेने जोर द्या. मग सगळ्यात वर नेऊन पुन्हा द्या. उंचीप्रमाणे प्ले बदलला तर दोष उंचीच्या यंत्रणेत. सांगाडा चार छोट्या दांड्यांवर उभा असतो, त्यांच्या सांध्यात बुश, म्हणजे झीज सोसणाऱ्या छोट्या नळ्या, असतात. सीट जितकी वर तितका त्यांच्यावर तिरका भार. प्रवाशाच्या सीटला ही यंत्रणा बऱ्याचदा नसतेच, म्हणून ती सीट तितक्याच वर्षांची असूनही घट्ट राहते.

निवृत्त_फिटर
दाराच्या बाजूला जास्त हलतंय, कारण चढता-उतरताना माणूस सगळा भार त्याच कडेवर टाकतो. रोज, कित्येक वेळा. बुश तिथलाच आधी जातो. पाठीतली किंचित हालचाल रिक्लायनरच्या गिअरमधली असू शकते, थोडी मोकळीक बहुतेक गाड्यांत असतेच. दोन्ही बाजूंनी सारखी आहे का आणि महिन्या-दोन महिन्यांत वाढतेय का, एवढं बघत राहा.

वळणवाट
प्रयोग केला. खाली असताना जवळजवळ काही नाही, वर नेली की 'खट' हाताला जाणवते.

आता आवाजाबद्दल. खटका यांनी वर 'दोन घरं' म्हटलं होतं म्हणून तो वेगळा शोधला. बहिणीने गाडी चालवली आणि मी मागे बसून एकेका भागावर हात दाबून धरला. हेडरेस्ट धरलं, आवाज चालू. सीटच्या बाजूचं प्लास्टिक धरलं, चालू. बेल्टचं बक्कल धरलं आणि बंद! बक्कलाची दांडी मधल्या कन्सोलच्या कडेवर घासते. तिथे दोन्हीवर चकचकीत डागसुद्धा पडला आहे.

सावली
म्हणजे एवढी चर्चा रेलवर आणि किरकिर बक्कलाची :D

आडवाट
कन्सोलच्या त्या कडेला फेल्टची पातळ पट्टी चिकटवा. बक्कलाला किंवा त्याच्या दांडीला काही गुंडाळू नका, वाकवूही नका. ती दांडी सुरक्षेचा भाग आहे, कन्सोल नाही.

मधुरा_क
मग बुश घरी बदलता येतात का?

निवृत्त_फिटर
गाडीवर अवलंबून. सांध्यात खांद्याचा बोल्ट (मधला भाग गुळगुळीत, बिनआट्याचा) आणि नायलॉनचा बुश असेल तर बुश सुटा मिळतो. रिबिट असेल तर बहुतेक उत्पादक सीटचा खालचा सांगाडाच देतात. रिबिट कापून साधा बोल्ट घालून देणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा. साध्या बोल्टच्या आट्यांवर बुश फिरला की काही दिवसांत पुन्हा ढिला, आणि त्या बोल्टची ताकद कुणी तपासलेली नसते. वर्कशॉपमध्ये काम झालं की सीट परत बसवताना चारही बोल्ट आधी हाताने आट्यात लावलेत का, सरळ एअर गनने ठोकलेत का, ते उभं राहून बघा.

वळणवाट
उशिरा लिहितोय, क्षमस्व. माझ्या गाडीत बोल्ट-बुशचीच जोडणी निघाली. दाराच्या बाजूचे दोन्ही बुश अंडाकृती झाले होते. वर्कशॉपने दोन्ही बाजूंचे बदलले, एअरबॅगचा दिवा इग्निशन चालू केल्यावर लागून नेहमीसारखा विझतो. 'खट' गेली. फेल्टने कुईं-कुईं गेली. पाठीत किंचित मोकळीक आहे, दोन्हीकडे सारखी. तिच्यावर लक्ष ठेवून आहे.

चौथा_गिअर
अभिनंदन! आणि आता मी माझ्या सीटखाली बघितलं. कुणीतरी रेलमध्ये पट्टी ठोकलेली दिसतेय. मी गाडी घेतली त्याआधीचं काम असणार. ती काढून टाकू का?

निवृत्त_फिटर
स्वतः काढू नका. रेल फाकलेली असेल तर पट्टी काढल्यावर सीट जास्त मोकळी होईल. आधी खडूच्या रेघेची तपासणी करा, लॉक दोन्ही बाजूंना बसतं का बघा आणि फोटो टाका, पुढची आणि मागची दोन्ही टोकं दिसतील असे. तोवर ती गाडी उभीच ठेवा.

चौथा_गिअर
ठीक आहे काका. उद्या उजेडात फोटो काढून इथे टाकतो.